ऐनवेळचे विषय

पदव्युत्तर विद्यार्थी मंडळ, मानसशास्त्र विभाग,
सभा क्रमांक चौदा.
हजर आठ. गणपूर्ती पाचची,
म्हणजे आम्ही कायदेशीर होतो.

सभा प्रयोगशाळेत भरते.
तिथे आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र आहे
आणि उंदरांचा लाकडी चक्रव्यूह.
उंदीर नाहीत.
चक्रव्यूहाच्या मधल्या घरात निखत पिंजारी
मंडळाची रोकड ठेवते, तीनशे चाळीस रुपये,
वाट सापडेल त्याने घ्यावी म्हणते.

मी सचिव. वही माझ्याकडे.

विषय एक: पंख्याचा आवाज.
विषय दोन: नव्या मुलांचं स्वागत,
मिसळ परवडेल का, जादा पाव धरून.
विषय तीन: जयवंत भोयेच्या प्रबंधाला
दोनशे नमुने हवेत, झालेत एकशे त्र्याण्णव.
सातपूरचे कारखाने, ओझरचं कॅन्टीन,
पंचवटीतली दोन रिक्षास्टँडं
तो प्रश्नावल्या पोटाशी धरून फिरून आला आहे.
उरलेले सात आपणच भरू, असं ठरलं.
नाव घालायचं नाही.
सूचक विश्राम गांगुर्डे, अनुमोदक सगळेच.
जयवंत नियम म्हणून
खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

इथपर्यंत वहीत आहे.

वहीत नाही ते असं, की गुरुवारी
गुणांची बेरीज करायला मी जयवंतशेजारी बसले.
नमुना क्रमांक एकशे अठ्ठ्याण्णव.
'संध्याकाळ झाली की कुठेच जावंसं वाटत नाही.'
पुढे 'नेहमी'वर खूण,
तीनदा गिरवलेली, कागद फाटेपर्यंत,
हिरव्या शाईत.

हिरवं पेन आमच्यात एकाकडेच आहे.
साहेब होणार मी, आत्तापासून सही घोटतोय,
असं म्हणून तो सभेत सगळ्यांना हसवतो,
निफाडच्या मामाकडची द्राक्षं आणतो,
देठ मात्र स्वतः गोळा करतो.
पेन बदलायला तो विसरला
की विसरला नाही,
हा प्रश्न आमच्या कुठल्याच पेपरला येत नाही.
गोपनीयता येते, सहा गुणांना.
मला साडेपाच पडले होते.

मी बेरीज लिहिली. कागद पालथा ठेवला.
जयवंत म्हणाला, हा फार वर गेलाय गं,
सरासरी बिघडवणार.
मी म्हटलं, बिघडू दे.

सभा क्रमांक पंधरा.
अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.
अध्यक्ष देवयानी खैरनार पेरू खात होती,
तिने मानेनेच परवानगी दिली.
मी वाचलं:
'गंगापूर नाक्याच्या बाजूचे दिवे बंद असल्याने
वाचनालय सुटल्यावर मंडळाच्या सर्व सभासदांनी
सीबीएसपर्यंत एकत्र चालत जावे.'

दिवे बंद नाहीत.
पेरूवाला त्यांच्याच उजेडात रात्री चिल्लर मोजतो,
देवयानीच्या हातातला पेरू तिथलाच.
कुणी काही बोललं नाही.
पंखा बोलला, विषय एक अजून तसाच होता.
मग निखत, जिचं घर बरोबर उलट्या दिशेला,
म्हणाली, अनुमोदन.

ठराव सर्वानुमते मंजूर.
विश्रामचा हात सगळ्यात उशिरा वर गेला,
कोपरापर्यंतच.

त्या दिवसापासून आठ जण चालतो.
अशोकस्तंभापर्यंत परीक्षेच्या तारखा,
मेहेरपर्यंत मार्गदर्शकांची नक्कल.
थंडी नऊ अंशांवर आली तेव्हा
चार मफलर आठ जणांत फिरले.
निखत दिंडोरीची एसटी हलेपर्यंत थांबते,
मग रिक्षा करून आलेल्या रस्त्याने परत,
मंडळाच्या पैशातून नाही.

एकदा एसटीच्या पायरीवरून विश्राम वळला.
दिवे चालू असतात, सेक्रेटरीबाई.
मी म्हटलं, वहीत बंद आहेत.
मागचा माणूस ओरडला, चढता का राव.
तो चढला. खिडकीपाशी बसला,
काचेवर बोटाने आठ रेघा काढल्या,
हजेरी घेतल्यासारख्या,
एक पुसली, परत काढली.

सभा क्रमांक सोळा.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
दुरुस्ती: नाही.